रोजच्या गाडीचं लायनिंग

आम्ही जेवायला बसलो तरी आबांचा एक कान रस्त्यावर असायचा. पुढे मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, मागे दोन खोल्यांत आमचा संसार, आणि मध्ये गोणपाटाचा एक पडदा. जळगाव स्टेशनकडे जाणारा रस्ता आमच्या दारापाशी जरा उतरायचा आणि उतार संपतो तिथेच वळायचा. त्यामुळे त्या रस्त्याने जाणारी प्रत्येक मोटार आमच्या दारातच ब्रेक लावायची. ब्रेक कुरकुरला की आबांचा घास हातातल्या हातात थांबायचा. "वकिलाची गाडी. लायनिंग झिजून रिबिटा ड्रमला टेकल्यात. आठ दिवसांत येईल." नाहीतर, "कुणीतरी फार कडक लायनिंग बसवलंय. ड्रम खाऊन टाकील मेलं." माय चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता म्हणायची, "आधी खाई ल्या, मंग मोटारी ऐका." माय धरणगावकडची. तिने खानदेशी बोली शेवटपर्यंत सोडली नाही. आबा मात्र दुकानात बसून बसून पेठेतलं मराठी बोलायला शिकले होते, आणि आम्हा पोरांनाही तेच आलं.

आमच्या घराला दोन वास होते. एक मायच्या चुलीचा. हिवाळ्यात ती कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि भरीत लाकडी बडगीत ठेचायची, तो वास वळणापर्यंत जायचा. दुसरा दुकानातला: ग्रीसचा, रबराचा, आणि लायनिंग घासल्यावर उडणाऱ्या राखाडी धुळीचा. ती धूळ आमच्या पाटांवर असायची, माठाच्या झाकणावर असायची, मायच्या केसांतही असायची. त्या धुळीबद्दल हल्ली डॉक्टर काय काय सांगतात. तेव्हा आम्ही ती पदराने झटकून भाकरी वाढत होतो. आबा अखेरची सहा वर्षं खोकले आणि आम्ही त्यांना मध चाटवत राहिलो.

आबा मूळचे धरणगावच्या एका कापसाच्या जिनातले फिटर. मोटारी वाढल्या तसे जळगावला आले. त्यांचं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, पण ब्रेकच्या लायनिंगबद्दल ते बोलू लागले की कोर्टातून परतणारे वकीलसुद्धा बाकावर टेकायचे. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "आबा, उत्तम लायनिंग द्या." आबा कधीच सरळ माल काढत नसत. विचारायचे, "गाडी रोज निघते की आठवड्यातून एकदा? माणसं किती बसतात? वाटेत थांबे किती? नदीचा उतार लागतो का?" गिऱ्हाईक वैतागलं की म्हणायचे, "हे पाहा, एकदा करकचून ब्रेक लागला म्हणून त्याची तारीफ करू नका. रोजच्या गाडीला ब्रेक दिवसातून दोनशेदा लागतो. तापल्यावर, सतराव्या थांब्यावर, तो पहिल्यासारखाच लागतो का, ते बघायचं. फार कडक घेतलंत तर ड्रम जाईल, फार मऊ घेतलंत तर महिन्यात झिजेल. मधलं घ्या, पितळी तारेचं विणलेलं." मग ते गुंडाळीच्या कडेचा एक धागा ओढून काढायचे, काडी ओढायचे, आणि धागा ज्योतीत धरायचे. तो दगडी सुताचा, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा, धागा लाल व्हायचा, पण जळायचा नाही. "कापूस असता तर गेला असता," असं म्हणून तो थंड झालेला धागा ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. प्रसाद द्यावा तसा. लहानपणी माझ्या मनात खरेपणाचं चित्र होतं ते एवढंच, आबांच्या चिमटीतला तो न जळणारा धागा.

परवा माझ्या नातवाच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायचे होते. गॅरेजवाल्याने तीन प्रकारची खोकी पुढे ठेवली तेव्हा नातू मला गमतीने म्हणाला, "आजी, तू दुकानदाराची लेक. रोजच्या वापराला कुठले घेऊ?" मी म्हटलं, "मला काय कळतंय आता." त्याला ते खरं वाटलं. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी दुकानात बसू लागले ती माझ्या इंग्रजीमुळे. मुंबईहून येणाऱ्या खोक्यांवर सगळं इंग्रजीत असायचं. आबांना इंग्रजी अक्षर लागत नव्हतं, आणि भाऊला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, लागायचं ते अर्धंमुर्धं. मी मुलींच्या शाळेत पाचवी इंग्रजीत होते. खोक्यावरचे आकडे वाचून दाखवता दाखवता मी लायनिंगला भोकं पाडू लागले, मग ब्रेकच्या लोखंडी शूवर ठेवून रिबिटाही ठोकू लागले. माझा हात हलका होता. रिबिटीचं डोकं बरोबर खोल बसायचं. शेजारणी मायला म्हणायच्या, "पोरीला लोहारीण करणार का?" माय रात्री माझे हात खोबरेल लावून चोळायची आणि पुटपुटायची, "कोन करी हिले?" सावद्याच्या एका घराने मला मागणी घातली होती. केळीचे बाग होते, चांगलं घर होतं. मला धुळ्याला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घ्यायचं होतं. आबा या बाबतीत काही बोलत नसत, माय सावद्याच्या स्थळाच्या बाजूची, आणि माझ्या बाजूने घरात एकटा भाऊ होता. हे नीट लिहून ठेवलं पाहिजे. भाऊने पुढे जे केलं ते केलं, पण "द्वारकीला शिकू द्या" असं त्या घरात मोठ्याने म्हणणारा तोच एक होता.

दुसरी मोठी लढाई लागली आणि मुंबईचा माल आटला. आधी टायर गेले, मग प्लग, मग लायनिंग. पेट्रोलही मिळेना, तेव्हा उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या टाक्या लागल्या आणि उतारू उतरायचे ते काजळी पुसत. दुकानात फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. भाऊ दर पंधरा दिवसांनी धरणगावला जाऊ लागला आणि येताना जिनांतले जुने, निकामी पट्टे आणू लागला. मशीन फिरवणारे जाड सुती पट्टे, हातभर रुंदीचे. ते तो पट्ट्या पट्ट्यांनी कापायचा, डांबर आणि गेरूच्या पाण्यात बुडवायचा, वरून पितळेचा कीस दाबायचा, आणि दोन लोखंडी फळ्यांत आवळून गच्चीवर वाळवायचा. उन्हाळ्यात गच्चीवर दोन बाजा असायच्या. एका बाजेवर मायचे ज्वारीचे बिबडे वाळायचे, दुसऱ्या बाजेवर भाऊचं लायनिंग. वाळल्यावर ते हुबेहूब दिसायचं. भोकं पाडताना मात्र मला कळायचं. खरं लायनिंग दाभणाखाली करकरतं, हे मुकाट्याने वाट द्यायचं.

आबांना तेव्हापासून ठाऊक होतं का, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. त्याच सुमारास गल्ल्यावरची त्यांची काड्यापेटी दिसेनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाले, "काड्या महाग झाल्या, पोरी." काड्या महाग झाल्याच होत्या. पण आबा दिवसाला आठ-दहा विड्या ओढत आणि त्या मायच्या चुलीवर पेटवत नव्हते.

आता उखादादाचं सांगते. त्याचं खरं नाव उखर्डू. त्याच्या आधीची चार भावंडं गेली, म्हणून आईने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं, म्हणजे मरणाची नजर जाणार नाही. तो भडगावच्या एका मालकाची सर्व्हिस मोटार चालवायचा, भडगाव ते जळगाव, रोज सकाळी येणं आणि दुपारी जाणं. तिशीचा, उंच, दाताला मिशरी लावलेला. स्वतःच्या मोटारीबद्दल तो म्हशीबद्दल बोलावं तसा बोलायचा, "आज तिनं मन नही शे." गिरणा नदीच्या वाळूतली डांगरं, म्हणजे खरबुजं, आली की एक डांगर तो आमच्या ओट्यावर ठेवून जायचा आणि पैशाचं नाव काढू द्यायचा नाही. त्याच्या मोटारीत बसणारी प्रत्येक बाई अक्का, तशी मीही अक्का, त्याच्या निम्म्या वयाची असून. माझ्या हातात पुस्तक दिसलं की म्हणायचा, "जाय शाळामा, सोडू नको. मी सोडी दिधी, अन् दख, कोळसा भरस."

त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी घरात कडाक्याचं भांडण झालं. सावद्याचे लोक गुरुवारी बघायला येणार होते. माय म्हणाली, पोरगी आता शाळेत जाणार नाही. भाऊने कप खाली आपटला आणि म्हणाला, "गुरुवारी कुणी यायचं नाही. मी निरोप धाडतो. द्वारकी मॅट्रिक होईल आणि धुळ्याला जाईल. खर्च मी करतो, दुकान मी चालवतो ना आता?" आबा खाली बघून बशीतला चहा फुंकत राहिले. माय रडत उठून गेली. मी पडद्याआड उभी होते, आणि मला भाऊच्या पाया पडावंसं वाटत होतं.

त्याच दुपारी उखादादा आला. आबा आत आडवे झाले होते. भाऊ गल्ल्यावर होता आणि मी खाली चटईवर बसून एका शूच्या जुन्या रिबिटा काढत होते.

"चारी चाकंसनं लायनिंग पाहिजे," उखादादा म्हणाला. "पाक घसरी ऱ्हायनी मोटार. मालक म्हने कोठूनबी स्वस्त आन. मी म्हटलं, नही, आबान्या दुकानमातूनच आनसू. बाजारना दिवशे बठ्ठ्या बाया ऱ्हातस मोटारमा."

"आहे ना," भाऊ म्हणाला. "द्वारके, काढ गं."

आमच्याकडे त्या मापाच्या खऱ्या लायनिंगची एकच गुंडाळी उरली होती. ती खालच्या पेटीत होती, एका मोठ्या कापूसवाल्याच्या गाडीसाठी राखलेली. ती गाडी आठवड्यातून एकदा स्टेशनवर जायची आणि परत यायची, पण कापूसवाल्याने तिप्पट दर कबूल केला होता. वरच्या फळीवर भाऊचा माल. मी उठले आणि मधोमध उभी राहिले. मला दोन्ही ठाऊक होती. कुठलं कुणाला द्यायचं हे आबांनी मला शिकवलं होतं. ते शंभरदा माझ्या कानांवरून गेलं होतं. भाऊने मला काहीही सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं, सकाळी मायकडे बघत होता तसं नव्हे, जरा हसून. उखादादा म्हणाला, "अक्का, तुन्ह्या हातनं दे. तू देशी ते बेस."

मी हात वर केला.

फळीवरची गुंडाळी काढली, कापली, भोकं पाडली, आणि त्याने सोडवून आणलेले चारी चाकांचे शू मीच भरून दिले. तासभर तो माझ्याशेजारी उकिडवा बसून गप्पा मारत होता. त्याला आपल्या मुलीला शाळेत घालायचं होतं. ती केवढी आहे, काय बोलते, हे सांगत होता. रिबिटा इतक्या सुबक बसल्या की त्याने बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. मी त्याच्याशी बोलत होते, हसतही होते. लोक म्हणतात, पाप करताना हात थरथरतात. माझे नाही थरथरले.

पंधरा-वीस दिवसांनी, भडगावच्या बाजाराच्या दिवशी, बातमी आली. पाव आणायला गेलेल्या भाऊने ती आणली आणि दारातच उभा राहिला. मोटार गच्च भरलेली होती. गिरणेच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. उखादादाने हातब्रेक ओढला, तोही सुटला. खाली पाण्याजवळ बैलगाड्या आणि माणसं होती, म्हणून त्याने मोटार उजवीकडे मातीच्या कड्यात घातली. मिरच्या विकायला बाजाराला निघालेली एक म्हातारी जागच्या जागी गेली. एका बाळंतिणीचा पाय गेला. उखादादाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. लोक म्हणत होते, ड्रायव्हरने फार जोरात आणली. मालक म्हणत होता, मी त्याला उत्तम लायनिंगसाठी पैसे दिले होते, ते कुठे गेले त्याला विचारा.

माय म्हणाली, "देवा, त्या उखर्डूनी मोटार?" आणि पदर तोंडाला लावून बसली. तिला बाकी काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी आबा गच्चीवर गेले आणि भाऊच्या बाजेवर वाळत असलेलं सगळं गोळा करून खाली आले, मागच्या पडक्या विहिरीत टाकायला. मी ते पाहिलं. आबांना सगळं कळलंय हे त्यावरून दिसलं, आणि माझी खात्री झाली की आबा खरं बोलतील. मला भीती वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं. पंधराव्या वर्षी मला अजून असं वाटत होतं की मोठ्या माणसांना सत्य कळलं की ते बोललं जातं.

पोलिसांनी धरलेला उखादादा जामिनावर सुटल्यावर आला. हात गळ्यात बांधलेला, मिशरीचे दात तसेच, पण गालांची हाडं वर आलेली. ओट्यावर न बसता तो सरळ दुकानात शिरला, फडक्याची गाठ दातांनी सोडली आणि एक शू आबांच्या पुढ्यात ठेवला. लायनिंग जळून काळंठिक्कर झालं होतं आणि एका कडेला कोळशासारखं फुटलं होतं. भाऊ उठून मागे उभा राहिला.

"आबा," उखादादा म्हणाला, "मन्हं काही म्हननं नही. तुमनं नाव बी नको. फक्त कोर्टमा इतकं सांगा, हाई कापडी शे का खरं शे. डायव्हरनं कोन ऐकी? तुमनं ऐकतीन."

आबांनी शू उचलला. उजेडाकडे धरला. अंगठ्याने घासून अंगठा नाकाशी नेला, नेहमी न्यायचे तसा. एका कोपऱ्यात, रिबिटीच्या डोक्याखाली, न जळलेले दोन-चार धागे शिल्लक होते. मला ते चटईवरून दिसत होते. ते दोन धागे ओढायचे आणि एक काडी ओढायची, एवढंच काम होतं. आबांच्या बंडीच्या खिशात काड्यापेटी होती. ती वाजलेली मी ऐकली. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि खिशावरच राहिला. त्यांनी भाऊकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. शू खाली ठेवून म्हणाले, "जळाल्यावर सगळं सारखंच दिसतं, उखर्डू. काय सांगू मी?"

"तुमले समजत नही?" उखादादाचा आवाज चढला नाही. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आबा, तुमले? तुम्ही तर रस्तावरला आवाज ऐकीसन सांगतस."

"आणि हे माझ्या दुकानातलंच कशावरून?" आबा म्हणाले. "तू भडगावलाही काही घातलं असशील."

उखादादा माझ्याकडे वळला. "अक्का, तू दिधं व्हतं. तू भरं. या रिबिटा तुन्ह्या हातन्या शेतस. तू सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊच्या कपाळावर घाम होता. आतून मायने पडदा जरा सारला होता. मला मॅट्रिकला सात महिने होते. हे मी नंतर जुळवलेलं कारण नाही. त्या क्षणी, उखादादाच्या त्या बांधलेल्या हाताकडे बघताना, माझ्या मनात हेच आलं, सात महिने.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "रोज किती शू भरते मी."

त्याने शू फडक्यात बांधला. एका हाताने गाठ बसेना, तेव्हा मी पुढे होऊ लागले. पण मायच बाहेर आली, तिने गाठ मारून दिली आणि त्याला पाणी विचारलं. त्याने पाणी घेतलं नाही. आबांना मात्र वाकून नमस्कार केला, येताना-जाताना करायचा तसाच, आणि गेला.

त्याला शिक्षा झाली. किती महिन्यांची, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारलं नाही. लायसन कायमचं गेलं. सावद्याचं स्थळ मोडलं ते मोडलंच, आणि भाऊने शब्द पाळला. मी मॅट्रिक झाले, धुळ्याला गेले, पांझरेच्या काठी एका नात्यातल्या बाईकडे राहून शिकले. सुटीत घरी आले की आबा मला ताटावर विचारायचे, "अभ्यास कसा आहे?" आणि उत्तर संपायच्या आत उठायचे. जेवताना रस्त्यावर ब्रेक लागला तरी ते मान वर करत नसत. एकदा मीच म्हणाले, "आबा, रिबिटा टेकल्यात." ते म्हणाले, "माझा कान गेला आता." कान गेला नव्हता. मायची हाक त्यांना गच्चीवर ऐकू यायची. भाऊने दुकान वाढवलं आणि लढाई संपल्यावर खरा माल भरला. पुढे तो व्यापाऱ्यांत भला माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला. तो होताही भला. माझ्या लग्नातही त्याने काही कमी पडू दिलं नाही. त्याच्यावर राग धरायला मला जागाच सापडत नसे. तो विकत होता हे खरं, पण हात माझा होता.

शिक्षण संपवून मला शाळा मिळाली. पहिला पगार हातात पडला त्या आठवड्यात मी कुणाला न सांगता भडगावला गेले आणि तिथून चालत त्याच्या गावी. घराला लागून असलेल्या शेताच्या बांधावर तो कपाशी राखत बसला होता. मला पाहून उठला. "अक्का उनी," असं बायकोला ओरडून सांगितलं, तिने खाटेवर गोधडी अंथरली. मी बसले नाही. वाटभर घोकलेलं वाक्य उभ्यानेच म्हणून टाकलं. लायनिंग खोटं होतं, मला ठाऊक होतं, ठाऊक असून मी दिलं आणि ठाऊक असून नाही म्हणाले.

त्याची बायको जागच्या जागी थांबली. तो मात्र हातातली काडी मोडत बसला. "तू आठवत नही म्हनी, त्याच दिन माले समजनं व्हतं," तो म्हणाला. "तू मन्हाकडे दखं नही. रोज दखस."

"मग तिथेच का नाही बोललास? कोर्टात माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू बोलशी म्हनीसन वाट दखत व्हतू. कोर्टमा बी दरवाजाकडेच दखत व्हतू मी." मग माझंच सांत्वन केल्यासारखं, "जाऊ दे. पोर व्हती तू."

मी म्हणाले, आता मी लिहून देते, कलेक्टरला देते, सगळं खरं लिहिते. तो घाईघाईने उठला. "तसं नको. खरं लिखशी ते मालक ऱ्हाई, दुकान ऱ्हाई, वकील ऱ्हाई. बठ्ठं परत पहिलापासून. माले मोटार चालाडनी शे, अक्का. लायसननी कचेरीमाधला कारकून म्हने, अर्ज कर, अन् चूक मन्ही व्हती, परत व्हनार नही, असं लिख. तवाच साहेब दखी. गावमा लिखनारं कोनी नही. तू मास्तरीन झायी ना? तू लिखी दे."

मी तेव्हा पुष्कळ विनवलं. त्याने ऐकलं नाही. शेवटी बायकोने शाईची दौत आणि टाक आतून आणले. मुलीच्या शाळेसाठी कधीतरी घेतलेले असावेत, मुलगी मात्र शाळेत जात नव्हती, दारात उभी राहून बघत होती. मी खाटेवर बसले आणि गुडघ्यावर पाटी उपडी ठेवून कागद त्यावर धरला. "मेहेरबान साहेब यांचे सेवेशी, अर्जदार उखर्डू" असं सुरू करून मी लिहीत गेले. अपघात माझ्या हयगयीने झाला. चूक सर्वस्वी माझी होती. तिचा मला पश्चात्ताप होत आहे. त्याच्या नावाने, माझ्या अक्षरात. तो अर्ज पुढे नामंजूर झाला आणि त्यानंतर त्याने कधी मोटार चालवली नाही. पण ते त्या दिवशी आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी कागद दाबून धरला आणि उजव्या हाताने सावकाश सही केली. शाई वाळेपर्यंत कागद उन्हात धरून तो बराच वेळ पाहत राहिला. त्याला सगळं वाचता येत नव्हतं, पण ओळींवरून त्याने बोट फिरवलं.

"अक्षर बेस शे तुन्हं," तो म्हणाला. "शिकनी, ते चांगलं व्हयनं."